हौसेच्या गाडीचा हिवाळा

हौस आणि गरज या सख्ख्या बहिणी असल्या तरी एका घरात त्यांचे फारसे पटत नाही. कामावर जाण्यासाठी एक वाहन आणि आनंदासाठी दुसरे, अशी विभागणी ज्यांना परवडते ते ती सुखाने करतात. ज्यांना परवडत नाही ते बहुधा हौसेला रजा देतात आणि गरज भागवतात. जर्मनीत या विभागणीला ऋतुचक्राची जोड मिळाली आहे. ऑक्टोबर सरत आला की तेथील अनेक स्पोर्ट्स कार रस्त्यांवरून दिसेनाशा होतात. त्यांच्यावर कापडी आच्छादने चढतात, बॅटरीला चार्जर जोडला जातो आणि गॅरेजची दारे वसंत ऋतू येईपर्यंत बंद होतात.

या रिवाजाला कायद्यानेही वाट करून दिली आहे. १९९७ पासून जर्मनीत ‘मोसमी’ नंबरप्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन आकडे असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर ती गाडी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतच रस्त्यावर आणता येते. मोसम किमान दोन आणि कमाल अकरा महिन्यांचा ठरवता येतो. वाहनकर व विमा यांचा भार त्याच प्रमाणात पडतो. मात्र उरलेल्या काळात ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे तर सोडाच, नुसती उभी करणेही नियमबाह्य ठरते.

असे असूनही काही चालक आपली स्पोर्ट्स कार बाराही महिने चालवतात. बर्फ पडलेल्या सकाळी काचेवरचे हिम खरवडून ते त्याच ठेंगण्या, रुंद टायरांच्या गाडीत बसतात आणि कचेरीची वाट धरतात. वरकरणी हा हट्ट वाटतो. पण त्यामागचा हिशेब तपासला, तर वस्तू जपणे म्हणजे नेमके काय, या जुन्याच प्रश्नाची एक वेगळी बाजू समोर येते.

बशीतले शहर

हा हिशेब समजून घेण्यासाठी स्टुटगार्टइतके योग्य शहर दुसरे नाही. मुंबईशी या शहराचे भगिनीशहर म्हणून नाते १९६८ पासूनचे आहे. मोटारउद्योगामुळे अनेक मराठी अभियंत्यांनाही ते परिचित झाले आहे. पोर्शे कंपनीचा मुख्य कारखाना याच शहरातील त्सुफेनहाउझेन या भागात आहे. स्टुटगार्टची रचना एखाद्या खोल बशीसारखी आहे. मध्यवस्ती तळाशी आणि उपनगरे भोवतालच्या टेकड्यांवर. समुद्रसपाटीपासूनची शहराची उंची सुमारे २०७ मीटरपासून ५४९ मीटरपर्यंत बदलत जाते. त्यामुळे खाली पावसाची रिमझिम चालू असताना वर डेगरलोख किंवा फायहिंगेन या भागांत हिम साचलेले असते. कामासाठी रोज ये-जा करणाऱ्याला एकाच फेरीत दोन ऋतू भेटतात.

याच शहरातील कंपनीने १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एक नवी मोटार मांडली. पुढे ती ‘पोर्शे ९११’ या नावाने जगभर ओळखली गेली. सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सामानाची जागा पुढे, आणि मागे मुलांपुरत्या दोन लहान बैठका, अशी तिची मांडणी होती. केवळ शर्यतीच्या मैदानापुरती राहणारी ही गाडी नव्हती. बाजारहाट, प्रवास आणि नोकरी या तिन्ही कामी तिचा उपयोग होत असे.

हिवाळ्यातील तिची कसोटी मोंटे कार्लो रॅलीत लागली. जानेवारीत होणारी ही रॅली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील बर्फाळ घाटांमधून जाते. १९६८ मध्ये ब्रिटनचा व्हिक एल्फर्ड आणि पुढे १९६९ व १९७० अशी सलग दोन वर्षे स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगोर्ड यांनी ९११ घेऊन ती जिंकली. स्पोर्ट्स कार म्हणजे उन्हाळी पाहुणी, या समजाला या तीन विजयांनी चांगलाच धक्का दिला.

वजन, जोर आणि पकड

या यशाचे एक कारण वजनाच्या वाटणीत आहे. ९११ चे सुमारे साठ टक्के वजन मागच्या चाकांवर पडते आणि इंजिनाचा जोरही मूळ रचनेत त्याच चाकांना मिळतो. ज्या चाकाने गाडी ढकलायची त्याच चाकावर भार असल्याने निसरड्या चढावरही ते जमीन धरून ठेवते. इंजिन पुढे आणि जोर मात्र मागच्या चाकांना, अशा गाड्यांचे मागचे टोक तुलनेने हलके असते. ती चाके बर्फात लवकर फिरू लागतात आणि गाडी जागच्या जागीच राहते.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. मागे भार असलेल्या गाडीची पुढची चाके हलकी, म्हणून वळणावर ती प्रथम सरळच जाऊ पाहते. घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला, की भार पुढे सरकतो, मागची चाके पकड सोडतात आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. म्हणूनच बर्फावर गाडी चालवण्याचा पहिला धडा एकच असतो: हात, पाय आणि नजर यांच्या हालचाली सावकाश हव्यात. वेग कमी करायचा तो वळणात शिरण्याआधी. वळणात शिरल्यावर सुधारणा करायला फारसा वाव उरत नाही. पहिल्या पावसात घाटातून गाडी उतरवणाऱ्या आपल्याकडच्या चालकांना हे वेगळे सांगायला नको.

जोर आणि पकड यांतील फरक दाखवणारा एक प्रसंग मोटारीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १९७६-७७ च्या हिवाळ्यात आउडी कंपनीचे अभियंते फिनलंडमध्ये चाचण्या घेत होते. त्यांच्यासोबत फोक्सवागनची इल्टिस ही चारही चाकांना जोर देणारी, लष्करी उपयोगाची गाडी होती. अवघ्या ७५ अश्वशक्तीची ही गाडी बर्फावर आउडीच्या अधिक ताकदवान मोटारींना भारी पडू लागली. येर्ग बेन्झिंगर या अभियंत्याने त्यातून धडा घेतला आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘आउडी क्वात्रो’ अवतरली. पुढे १९८९ च्या सुमारास ९११ चीही ‘करेरा ४’ ही चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती आली. बर्फावर अश्वशक्ती हाताशी असून उपयोग नाही; ती जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे.

सात अंशांची रेषा

ती पोहोचवण्याचे काम टायर करतो. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. एवढ्या जागेवर साऱ्या गाडीची भिस्त असते. उन्हाळी टायरचे रबर उष्ण रस्त्यावर घट्ट राहावे म्हणून तसे बनवलेले असते. तापमान सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले, की तेच रबर कडक होत जाते आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतेनासे होते. स्पोर्ट्स कारचे उंची उन्हाळी टायर या बाबतीत अधिकच नाजूक असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांना तडे जाण्याचीही भीती असते. म्हणजे बर्फ पडलेला नसला, रस्ता कोरडा दिसत असला, तरी धोका टळलेला नसतो.

हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडलेल्या असतात. त्या हिम धरून ठेवतात, आणि हिमावर हिमाची पकड चांगली बसते. या टायरचा इतिहासही जुना आहे. फिनलंडमधील, आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी असा टायर आणला.

जर्मनीने २०१० मध्ये हिवाळी टायरविषयीचा नियम सुस्पष्ट केला. त्यात तारखांचे बंधन नाही. रस्त्यावर बर्फ, हिम, चिखलहिम किंवा दहिवर गोठलेले असेल, तर योग्य टायर असल्याखेरीज गाडी चालवता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून पर्वताची तीन शिखरे आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असलेलेच टायर त्यासाठी ग्राह्य धरले जातात. शेजारच्या ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तेव्हा असे टायर सक्तीचे आहेत आणि त्यांच्या खाचा किमान ४ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सरसकट बंधनकारक आहेत. जर्मन लोक टायर बदलण्याचा काळ एका सोप्या सूत्राने लक्षात ठेवतात: ऑक्टोबर ते ईस्टर.

यातील एक तरतूद मोठी बोलकी आहे. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी चालते, परंतु ती मर्यादा चालकाच्या नजरेसमोर दर्शवणे आवश्यक असते. त्यामुळे ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘२४०’ असा साधा कागदी स्टिकर चिकटवलेला दिसतो.

थांबण्याचे अंतर

पकडीचा खरा कस गाडी पळवताना लागत नाही, थांबवताना लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. हिम दाबून घट्ट झालेल्या रस्त्यावर घर्षण तिपटीहून कमी होते, आणि तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जाते. निव्वळ बर्फाच्या थरावर ते शंभर मीटरच्या घरात पोहोचते. हा पदार्थविज्ञानातील साध्या सूत्राचा हिशेब आहे. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १४ मीटरची भर पडते. शंभर मीटर म्हणजे मधल्या आकाराच्या फुटबॉल मैदानाची लांबी. तेवढ्या अंतरात शाळेकडे निघालेले मूल असू शकते, पुढे अचानक थांबलेली बस असू शकते.

आधुनिक यंत्रणांनी या बाबतीत पुष्कळ मदत केली आहे. ब्रेक दाबला असताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ पासून, आणि घसरणाऱ्या गाडीला प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून सावरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ पासून मोटारींत आली. २०१८ मध्ये सादर झालेल्या ९११ च्या पिढीत तर चाकांजवळ उडणाऱ्या पाण्याचा कानोसा घेऊन रस्ता ओला असल्याची सूचना देणारी सोय आहे. तथापि या साऱ्या यंत्रणा उपलब्ध पकडीचा शहाणपणाने वापर करतात. नवी पकड निर्माण करत नाहीत. खात्यात शिल्लकच नसेल, तर धनादेश कितीही सुवाच्य अक्षरात लिहिला तरी वटणार कसा?

मिठाचे येणे-देणे

अपघाताचे भय क्षणाचे असते. मिठाचे भय वर्षानुवर्षांचे. बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरले जाते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. योग्य प्रमाणातील खारे पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते, पण प्रत्यक्षात उणे दहाच्या खाली मिठाचा प्रभाव बराच मंदावतो. तेच खारे पाणी चाकांनी उडवले जाऊन गाडीच्या पोटाशी, सांध्यांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर साचते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लोखंड गंजण्याची क्रिया वेग घेते. कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या गजांची होणारी दशा ठाऊक आहेच. येथे तोच खार थेट गाडीच्या अंगावर फवारला जातो.

पोर्शेने १९७६ च्या मॉडेलवर्षापासून ९११ च्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी जस्ताचा लेप दिलेला पत्रा वापरला. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. त्यापूर्वीच्या कित्येक गाड्या गंजाने खाऊन टाकल्या. म्हणूनच जुन्या, दुर्मीळ गाडीचा मालक तिला हिवाळ्यात बाहेर काढत नाही, यात त्याचे चुकते असे म्हणता येणार नाही. अशा गाडीचे मोल तिच्या मूळ पत्र्यात असते आणि तो पुन्हा मिळत नाही.

अलीकडची गाडी मात्र निगा राखल्यास मिठाला पुरून उरते. तिचा खालचा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वेळोवेळी धुतला पाहिजे. दारांच्या रबरी कडांना थंडीपूर्वी योग्य मलम लावावे, म्हणजे त्या गोठून चिकटत नाहीत. मिठाने माखलेली ओली गाडी उबदार गॅरेजात उभी करणे हे मात्र प्रेमाचे लक्षण दिसले तरी हिताचे नसते. उबेमुळे गंजण्याची क्रिया अधिक जोमाने चालते. त्यापेक्षा कोरडी, हवेशीर जागा बरी.

याखेरीज दैनंदिन काळजीच्या काही बाबी आहेत. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे ०.१ बारने कमी होतो, म्हणून तो वारंवार तपासावा लागतो. कडक थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते. इंजिनतेलाच्या डब्यावरील ‘५ डब्ल्यू’ किंवा ‘० डब्ल्यू’ यांतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचेच निदर्शक आहे, आणि त्यापूर्वीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. जर्मनीत गाडी उभी ठेवून नुसतेच इंजिन तापवत बसण्यास मनाई आहे. काचा हाताने खरवडायच्या आणि हलक्या पायाने निघायचे. तेल पुरेसे तापेपर्यंत इंजिनावर जोर द्यायचा नाही, हे पथ्य स्पोर्ट्स कारला अधिकच कसोशीने पाळावे लागते.

जमाखर्च

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. हिवाळी टायर व चाकांचा दुसरा संच हा मोठा खर्च भासतो. पण एक संच रस्त्यावर असताना दुसरा विश्रांती घेत असतो. दोन्ही निम्मेनिम्मे झिजतात, त्यामुळे टायरचा एकूण खर्च दुप्पट होत नाही. मात्र रबर वयानेही कडक होते, हे विसरता कामा नये. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘३५२४’ म्हणजे २०२४ या वर्षाच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ही खूण भारतातील टायरवरही आढळते. टायर विकत घेताना ती प्रत्येकाने अवश्य वाचावी.

बाराही महिने चालवलेल्या गाडीचे किलोमीटर वाढतात, पुढच्या रंगावर खड्यांचे ओरखडे उमटतात आणि पुनर्विक्रीत त्याची किंमत मोजावी लागते. विम्याचा मुद्दाही आहेच: बर्फात उन्हाळी टायरवर गाडी चालवून अपघात झाला, तर हलगर्जीपणाच्या कारणाने स्वतःच्या गाडीच्या भरपाईत कपात होऊ शकते. याउलट, हिवाळ्यासाठी वेगळी गाडी ठेवायची तर तिची किंमत, तिचा विमा, तिची दुरुस्ती आणि तिची जागा हा सारा भार नव्याने येतो. शिवाय उभ्या गाडीला घसारा चुकत नाही. वर्ष सरले की तिचे वय वाढतेच. बॅटरी उतरते, एकाच जागी टेकून टायर चपटे होतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. चार-पाच महिने बंद राहिलेली मोटार आपोआप जपली जाते, असे नाही.

हे दोन्ही स्तंभ समोर ठेवले की उत्तर प्रत्येकाचे वेगळे निघते. दुर्मीळ गाडीच्या मालकाला मोसमी नंबरप्लेट लाभदायक. ज्याची एकच गाडी आहे आणि ती सुस्थितीत आहे, त्याला चार हिवाळी टायर लाभदायक. दोघेही आपली वस्तू जपतच असतात.

गाडी घरी ठेवण्याचे दिवस

रोजच्या वापराची गाडी प्रत्येक दिवशी वापरलीच पाहिजे, असे मात्र नाही. स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून साधारण अकरा ते तेरा सेंटिमीटर उंच असतो. रस्त्यावर त्याहून अधिक हिम साचले, की टायर कितीही चांगले असोत, गाडी पोटावर टेकते आणि नांगरासारखी हिम ढकलू लागते. पाऊस रस्त्यावर पडताच गोठू लागला, तर पारदर्शक बर्फाचा थर डोळ्यांना दिसतही नाही. अशा सकाळी हवामानखात्याचा इशारा ऐकून किल्ली खुंटीवरच ठेवणारा चालक हा त्या शहरातला सर्वांत अनुभवी चालक समजावा.

स्टुटगार्टमध्ये त्याची सोयही आहे. मारियनप्लाट्झ ते डेगरलोख या तीव्र चढावर १८८४ पासून दातेरी रुळांची रेल्वे धावते. तिचे दातेरी चाक रुळांमधील दात्यांत अडकून वर चढत असल्याने घसरण्याचा प्रश्न फारसा येत नाही. ज्या दिवशी टेकडीवरचा रस्ता काचेसारखा होतो, त्या दिवशी स्पोर्ट्स कारचा मालकही तिकीट काढून त्या गाडीत बसतो. दोन दिवसांनी मीठ पसरले जाते, रस्ता मोकळा होतो. मग तो टायरमधील हवा तपासतो, काचा खरवडतो आणि सावकाश क्लच सोडून पुन्हा आपल्या वाटेला लागतो.